हत्तीकानाच्या वड्या

या अंकाचे संपादक आमच्या नर्सरीचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या घरी रबराचं झाड तीन वेळा मेलं आणि तिन्ही वेळा ते मला विचारायला आले, म्हणून ओळख. ‘महानंदाताई, तुमचे अनुभव लिहा,’ असं म्हणत ते दोन वर्षं मागे लागले होते आणि दोन वर्षं मी त्यांना ‘आधी झाडाला पाणी कमी घाला’ एवढंच उत्तर देत होते. यंदा मी आपणहून हो म्हणाले. का म्हणाले ते शेवटी येईल. आधी धंद्याचं बोलते, कारण धंदा कळला नाही तर माझी चूक केवढी होती तेही कळायचं नाही.

आमची नर्सरी अक्कलकोट रस्त्याला, कुंभारीच्या अलीकडे. मालक अप्पा. ते कानडीत रागावतात आणि मराठीत समजूत घालतात, त्यामुळे नुसत्या भाषेवरून कामगारांना कळतं की थांबायचं की पळायचं. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा मी इथं शेणखताच्या पाट्या उचलायला लागले. अठ्ठावीस वर्षं झाली. खताच्या पाटीवरून मी जाळीत गेले. जाळी म्हणजे हिरव्या कापडाचा मांडव, त्यात सावलीतली झाडं ठेवतात. तिथं मला मोठ्या पानांची झाडं भेटली आणि माझं बरं चाललं. गुलाबाची माणसं निराळी. त्यांना काट्याची सवय असते. मला पान लागतं, सुपाएवढं.

मोठ्या पानांची झाडं ओळखायला अवघड, असं लोकांना वाटतं. त्यांचं खरं आहे. सगळी हिरवी, सगळी चकचकीत, सगळ्यांची नावं इंग्रजी. त्यातून हल्ली लोक मोबाईलवर मागवतात आणि खोक्यातून भलतंच निघतं. एक साहेब असेच कुंडी गाडीत घालून आले. म्हणाले, ‘‘मॉन्स्टेरा मागवला होता, पण भोकं काही पडत नाहीत.’’ मी बघितलं, तो मॉन्स्टेरा नव्हताच, सेलोम होता. सेलोमचं पान कडेनं कापलेलं असतं, झालरीसारखं, पण मधे कधी भोक पडत नाही. मॉन्स्टेराचं पान कडेलाही फाटतं आणि मधल्या शिरेजवळ भोकंही पडतात. दुसरी खूण बुडाशी. मॉन्स्टेरा वेल आहे. त्याच्या खोडाला दोरीएवढ्या मुळ्या फुटतात आणि त्याला चढायला काथ्या गुंडाळलेली काठी लागते. सेलोम स्वतःच्या बुंध्यावर उभा राहतो आणि चहूकडे पान पसरून अख्खी खोली घेतो. एवढं सगळं मी साहेबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पण मी मॉन्स्टेराचे पैसे दिलेत.’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, ते झाडाला माहीत न्हाय.’’

दुसऱ्या एक बाई. त्यांच्याकडे खरा मॉन्स्टेरा होता, मीच दिलेला. सहा महिन्यांनी फोटो आला, पानाला सुरेख भोकं. मला आनंद झाला. मग फोटो मोठा करून बघितला तर सगळी भोकं एका मापाची, गोल. विचारलं तर म्हणाल्या, ‘‘मिस्टरांच्या ऑफिसातल्या पंचिंग मशीननं पाडली. भिशीला बायका यायच्या होत्या.’’ भोकं पडत नाहीत म्हणजे उजेड कमी पडतोय, एवढंच कारण असतं. खिडकीपासून चार हात लांब ठेवलं की मॉन्स्टेरा साधं पान काढतो आणि गप्प बसतो. ऊन अंगावर नको, पण उजेड भरपूर हवा. त्यांना कुंडी खिडकीशी सरकवायला सांगितलं. नवीन पान आपोआप फाटून आलं. त्यावर त्यांच्या सासूबाईंचा फोन आला की कीड लागलीय, औषध द्या.

केळ आणि बर्ड ऑफ पॅराडाईज यांच्यात तर घरं फुटायची वेळ येते. दोघांची पानं लांबरुंद, सारखीच. पण केळीची पानं बुंध्याभोवती गोल फिरून येतात आणि बुंधा दाबला तर मऊ लागतो. बर्डची पानं दोनच बाजूंना, पंखा उघडल्यासारखी, आणि देठ कडक. आमच्या एका ताईंनी पाच वर्षं सांभाळून डोक्याएवढा बर्ड वाढवला होता. घरात सत्यनारायण निघाला, गुरुजींनी केळीचे खुंट सांगितले. यजमान उठले, बाल्कनीत गेले आणि चार देठ कापून चौरंगाला बांधून मोकळे झाले. ताई पूजेला बसल्या तेव्हा त्यांना दिसलं. पूजा पूर्ण झाली, प्रसादही वाटला गेला. यजमानांशी त्या किती दिवस बोलल्या नाहीत ते मी विचारलं नाही. बर्ड मात्र दोन वर्षांत पुन्हा फुटला.

आता पाण्याचं. ही सगळी झाडं ओल्या जंगलातली आणि आपलं गाव सोलापूर. एप्रिलात दोरीवर लुगडं टाकून माणूस मागं वळेपर्यंत ते वाळतं. तरी इथं झाडं कोरडीनं कमी मरतात, पाण्यानं जास्त मरतात. कारण नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. आलं की माणसं बादल्या भरतात, पिंपं भरतात, आणि उरलेलं झाडांना पाजतात, पुन्हा येईल न येईल म्हणून. झाडाला काय कळतं नळाचं वेळापत्रक? मुळं कुजतात. मी सगळ्यांना सांगते, मातीत बोट घाला, दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी. माणसं ऐकतात आणि तांब्याभर ओततातच. दुसरं, आपलं पाणी क्षाराचं. कॅलेथिया नावाचं नक्षीच्या पानाचं झाड या पाण्यानं कडेकडेनं जळत जातं. त्याला एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी साठवून घालायचं. कूलरच्या टाकीतलं चुकून घालू नका, त्यात पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं.

मे महिन्यात आमच्याकडे आणखी एक काम असतं. माणसं सुट्टीला गावी जातात आणि कुंड्या आमच्या जाळीत आणून ठेवतात. अप्पा त्याला झाडांचं माहेरपण म्हणतात. कुणाचं झाड कुठलं, ते कुठं लिहिलेलं नसतं. मला पानावरून आठवतं. चिठ्ठ्या लावायचं म्हटलं की मला राग यायचा. अप्पा म्हणायचे, ‘‘महानंदा चुकत नाही.’’ गिऱ्हाईकंही तेच म्हणायची. पुण्याहून, लातूरहून फोटो यायचे, ताई हे काय आहे, ताई ते काय आहे. मी हातातली कुंडी खाली न ठेवता सांगायची. हात कायम मातीत, मग टाईप कोण करणार? बोलूनच पाठवायची. माझा आवाज मोठा आहे, हे जाता जाता सांगून ठेवते.

मला गर्व झाला होता. तेव्हा तो मला गर्व वाटत नव्हता, अनुभव वाटत होता.

या सगळ्या मोठ्या पानांतलं एक घराणं अळवाचं आहे. मॉन्स्टेरा त्यातला, सेलोम त्यातला, आपला मनीप्लॅंट आणि डिफेनबेकियाही त्यातलाच. सगळ्यांच्या अंगात खाज. रस लागला तर हात चुरचुरतो, तोंडात गेला तर बोलायची सोय राहत नाही. या अख्ख्या घराण्यात पान खायचं ते आपल्या परसातल्या अळवाचं, तेही चिंच घालून, नीट शिजवून. आणि अळवासारखं हुबेहूब दिसणारं एक झाड आम्ही शोभेला विकतो, त्याला मी हत्तीकान म्हणते. इंग्रजीत अलोकेशिया. दोघांची पानं बदामाच्या आकाराची.

खुणा सोप्या आहेत. अळवाचं पान खाली मान घालून लोंबतं, हत्तीकानाचं टोक वर किंवा समोर रोखलेलं असतं. अळवाचा देठ पानाच्या पोटात, कडेपासून आत येऊन चिकटतो. हत्तीकानाचा देठ वरच्या खाचेलाच मिळतो. अळवाचं पान मखमली, त्यावर पाणी टाकलं की थेंब गोळी होऊन पळतो, खाली ओल राहत नाही. हत्तीकानाचं पान जाड, पॉलिश केल्यासारखं. त्यावर पाणी पसरतं. हे मी किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. माझ्या पोरीलाही ती सात वर्षांची असताना सांगितलं होतं.

पोरीचं नाव सुवर्णा. शाळा सुटली की ती जाळीत यायची, दप्तर कोकोपीटच्या पोत्यावर टाकायची आणि कुंड्यांच्या रांगेतून फिरत नावं म्हणायची. दहाव्या वर्षी तिला माझ्याइतकी झाडं येत होती. एकदा गिऱ्हाईकासमोर मी एका रोपाचं नाव चुकीचं सांगितलं, तर तिनं माझा पदर ओढून कानात खरं नाव सांगितलं. कानात सांगितलं, मोठ्यानं नाही. तेव्हापासूनच ती तशी आहे.

अडीच वर्षांपूर्वी तिला माळशिरसला दिली. जावई कारखान्यात कामाला, घरी सासू. द्वारकाबाई त्यांचं नाव. बाई सरळ आणि कमी बोलणारी. मला कमी बोलणाऱ्या माणसांची धास्ती वाटते. पहिल्या दिवाळीला लोक विहिणीला साडी पाठवतात. मी साडी पाठवली आणि वर एक कुंडी, हत्तीकानाची. तेव्हा त्याला हाताएवढी चार पानं होती. म्हटलं, ओट्यावर शोभा येईल, आणि आपल्या धंद्याची ओळखही होईल.

द्वारकाबाईंनी ते कुंडीतून काढून परसात मोरीच्या पाण्यावर लावलं. चांगल्या मनानंच. कुंडीत झाड अवघडतं म्हणाल्या. तिथं आधीपासून त्यांचा अळू होता. माळशिरसची काळी माती, बारा महिने ओल, भिंतीची सावली. हत्तीकानाला आणखी काय पाहिजे? वर्षभरात त्याची पानं ताटाएवढी झाली. अळू त्याच्या आडोशाला गेला. हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी श्रावणात द्वारकाबाईंच्या थोरल्या बहिणीचं कुटुंब जेवायला येणार होतं. पाहुण्यांसाठी एकटीनं सगळा स्वयंपाक करायची सुवर्णाची पहिलीच वेळ. वड्या करायच्या ठरल्या. तिनं परसातनं पानं कापून आणली, धुतली, देठ काढले आणि तिला शंका आली. तिनं एक पान ताटात पालथं-उलथं करून फोटो काढला आणि मला पाठवला. खाली लिहिलं होतं, आई हे अळूच ना, वड्या करायच्यात.

माझ्यासमोर तेव्हा एक मंगल कार्यालयवाला उभा होता. त्याला चाळीस कुंड्या संध्याकाळपर्यंत हव्या होत्या आणि अप्पा कानडीत बोलत होते. मी फोटो बघितला. पान ताटात होतं, म्हणजे मान खाली की वर ते कळायला मार्ग नाही. देठ कापलेला, खाचेजवळचा भाग फोटोच्या बाहेर गेलेला. माझ्या तीनपैकी दोन खुणा त्या फोटोत नव्हत्याच. तिसरी होती, पानावर पाण्याचे थेंब. आत्ताच धुतलेल्या पानावर थेंब असणारच की! पण मला तेवढे थेंब पुरले. मातीच्या अंगठ्यानं बटण दाबून मी बोलले, ‘‘अगं अळूच हाय की! थेंब बघ कसं थांबल्यात. कर वड्या बिनघोर.’’

एवढंच. आणि चाळीस कुंड्या मोजायला लागले.

माझंच झाड होतं. मीच कुंडीत लावलेलं, मीच पाठवलेलं, आणि मलाच ओळखता आलं नाही.

संध्याकाळी सुवर्णाचा फोन आला. वड्या ताटात वाढल्या, पहिला घास गेला, दुसऱ्या घासाला जावयानं पाणी मागितलं. मग एकेकाचा घसा आत सुया टोचाव्यात तसा व्हायला लागला. द्वारकाबाईंचे ओठ सुजले, जीभ जड झाली. त्यांच्या बहिणीला तर थुंकीही गिळता येईना. ताक पाजलं, चिंचेचं पाणी पाजलं, शेवटी रिक्षानं दवाखान्यात नेलं. इंजेक्शन, सलाईन, तिथंच ठेवून घेतलं. दोन दिवसांनी सगळे बरे होऊन घरी आले. देवाची कृपा, एवढ्यावर निभावलं.

सुवर्णाला मात्र काहीही झालं नाही. आपल्याकडे सून शेवटी जेवते. सगळ्यांना वाढून होईपर्यंत तिच्या ताटात वडी आलीच नव्हती.

यातून काय झालं असेल ते बायकांना सांगायला नको. गल्लीत एकच बोलणं, सगळ्या घराला बाधलं आणि सून तेवढी ठणठणीत कशी? वर आई नर्सरीत, पानाफुलांतलं सगळं कळणारी. पोरीला कळलं नसंल का? कुणी तोंडावर बोललं नाही. पण ती दळण घेऊन निघाली की ओट्यावरच्या बायका गप्प व्हायच्या.

त्या संध्याकाळी फोनवर ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘आई, मी सांगितलंय की तुला विचारलंच न्हाय म्हणून. आपल्याच मनानं केलं म्हणून सांगितलं. तू आता काय बोलू नकोस. तुझ्याकडं किती लोक विचारायला येत्यात. अप्पांना कळलं तर?’’

मी म्हणाले, ‘‘अगं पण...’’ आणि पुढं काही म्हणाले नाही.

तुम्हाला वाटेल आई पुढच्या एसटीनं गेली असेल. मी गेले, चार दिवसांनी. मोसंबी घेऊन गेले, द्वारकाबाईंच्या उशाशी बसले, तब्येत विचारली आणि परत आले. वड्यांबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. त्याच्या आधी आणखी एक गोष्ट केली होती, ती लिहायला मला पेन तीनदा खाली ठेवावा लागला. पोरीचा फोन आला त्याच संध्याकाळी मी तो आवाजाचा मेसेज पुसून टाकला. माझ्या फोनमधला आणि तिच्याही फोनमधला. तशी सोय असते. अंगठा धुऊन पुसला, कोरडा केला, आणि मग दाबला.

पुढचं वर्षभर मी गिऱ्हाइकांना अळू आणि हत्तीकान यांतला फरक सांगत होते. ‘महानंदा चुकत नाही,’ असं अप्पा म्हणाले की मी पाइप घेऊन पाणी मारायला जायची. पोरीनंच गप्प राहायला सांगितलंय, असं स्वतःला बजावायची. ती सात वर्षांची असताना सांगितलेलं सगळं ऐकत होती, आता मी तिचं एवढं ऐकावं, असला काहीतरी विचार. लाज वाटते आता लिहिताना.

द्वारकाबाईंनी सुवर्णाकडून पालेभाजी निवडायचं काम काढून घेतलं, असं मला तिच्याच बोलण्यातून कळलं. मेथीसुद्धा सासूच निवडते. मी मनात म्हटलं, झालं, पोरीला कायमचा डाग लागला.

यंदा नागपंचमीला सुवर्णा माहेरी आली. दुपारी डबा घेऊन जाळीत आली, पोत्यावर बसली. मी मागं मातीत होते. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, हातात पान. तिलाच विचारलं, ‘‘ताई, हे काय आहे हो?’’ साधा मनीप्लॅंट होता. शेंबडं पोरगंही सांगेल. सुवर्णा उठून दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, ‘‘मला पानातलं काय कळत न्हाय. आईला विचारा.’’

मी मागं उभी राहून ऐकत होते. माझ्या हातातली कुंडी मी खाली ठेवली. अठ्ठावीस वर्षांत गिऱ्हाईक समोर असताना मी पहिल्यांदा काम सोडून बाहेर गेले आणि हौदापाशी उभी राहून रडले. अप्पा आले, काय झालं म्हणाले. मी त्यांना तिथंच सगळं सांगितलं. अप्पा कानडीत रागावले नाहीत आणि मराठीत समजूत घालत बसले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘उद्याची सुट्टी घे.’’

सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी माळशिरसला गेलो. सुवर्णा सगळ्या वाटेवर म्हणत होती, ‘‘आई, कशाला? आता विसरल्यात सगळी.’’ मी मांडीवर अळवाची कुंडी घेऊन बसले होते. खरा अळू, रात्री तीनदा तपासलेला.

द्वारकाबाई ओट्यावर शेजारच्या दोघी बायकांसोबत शेंगा फोडत बसल्या होत्या. बरं झालं म्हटलं. कुंडी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलले. ‘‘विहीणबाई, गेल्या वर्षीच्या वड्यांचं सांगायला आले. पोरीनं मला फोटो पाठवून विचारलं होतं. मी न बघता अळू म्हणून सांगितलं. ती खोटं बोलली ती माझ्यासाठी. चूक सगळी माझी हाय. आणि झाडही मीच पाठवलेलं.’’

शेजारणींचे हात शेंगांवरच थांबले. द्वारकाबाईंनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, फोल बाजूला टाकलं.

‘‘मला म्हाईत हाय,’’ त्या म्हणाल्या.

मला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

‘‘पोरीचं हात पिठात हुतं. तिनं फोन वट्यावर ठेवून तुमचा मेसेज लावला. मी आत देवापुढं वाती वळत हुते. तुमचा आवाज कसला हाय, तुमाला म्हाईत न्हाय का? ‘कर वड्या बिनघोर.’ तुमीच म्हणला ना? तुमी म्हणला, म्हणून तर मी पण उठून पान बघितलं न्हाय. न्हायतर माझ्या परसातलं झाड मला वळखू येत न्हाय व्हय?’’

सुवर्णा दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

‘‘मग वर्षभर बोलला का न्हाय?’’ मी विचारलं. माझा मोठा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक.

‘‘काय बोलू? मी बोलले असते तर पोरगी खोटी पडली असती. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, आत्या, मी आईला विचारलंच न्हाय. आईपायी खोटं बोलली. ते खोटं मी कसं उघडं पाडायचं? ते तुमी उघडायचं हुतं. मोसंबी घेऊन आला, तवा म्हटलं आता बोलतील. न्हाय बोलला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. म्हटलं बघू, आई कधी येतीय ती.’’

मी ओट्यावर बसले.

‘‘आणि भाजी निवडायचं काम काढून घेतलंत तिचं,’’ मी म्हणाले. एवढं होऊनही माझ्या तोंडातून तक्रारच निघाली, बघा.

‘‘एकेक पान धाधांदा उलटून बघत बसायची ती,’’ द्वारकाबाई म्हणाल्या. ‘‘म्हणून घेतलं. मला काय हौस हाय मेथी निवडायची?’’

शेजारणींतली एक हळूच म्हणाली, ‘‘आमी उगंच काय काय बोललो गं सुवर्णा.’’ दुसरी उठून आत गेली आणि आमच्यासाठी पाणी घेऊन आली. दुसऱ्याच्या घरातलं पाणी आपण होऊन आणून देणं म्हणजे आपल्याकडे बरंच काही बोलणं असतं.

मग मी परसात गेले. हत्तीकान तिथंच होता, माझ्या खांद्याएवढा. द्वारकाबाईंनी तो उपटला नव्हता. भोवती चार काठ्या रोवून तार बांधली होती. म्हणाल्या, झाडानं काय केलंय? त्याच्या पलीकडे अळू होता. द्वारकाबाईंनी सुवर्णाच्या हातात विळा दिला आणि म्हणाल्या, ‘‘जा, वड्यांची पानं आण. कुणाला इचारू नगं.’’

ती गेली. एकेका पानासमोर उभी राहिली, देठ कुठं चिकटलाय ते बोटानं चाचपलं, तांब्यातलं पाणी ओतलं. थेंब पळाला. तिनं पान कापलं. पुढचं बघितलं. मला तोंडात लुगड्याचा बोळा कोंबून गप्प बसावं लागलं, नाहीतर मी सांगायला लागले असते.

दुपारी वड्या झाल्या. ताटं मांडली. द्वारकाबाईंनी पहिलं ताट सुवर्णापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘आज आधी तू बस. मी वाढते.’’ ती नको नको म्हणत होती. ‘‘बस म्हटलं ना.’’ ती बसली, आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिनं पहिली वडी खाल्ली, दुसरी खाल्ली आणि म्हणाली, ‘‘मीठ कमी हाय.’’ मीठ मी घातलं होतं.

निघताना द्वारकाबाई फाट्यापर्यंत आल्या. एसटीला वेळ होता. म्हणाल्या, ‘‘आमच्या गल्लीत पोरीचं नाव गेलं हुतं, ते तुमी आज परत दिलं. बरं झालं. पर तुमचं नाव हाय तितंच हाय. हितं तुमाला कोण वळखतंय? तुमी चुकत न्हाय म्हणत्यात ती सोलापुरातली माणसं. तितं सांगा की.’’

मी म्हणाले, ‘‘सांगते.’’ आणि सोलापुरात उतरल्यावर घरी जायच्या आधी संपादकांना फोन केला.

आता मी जाळीत चिठ्ठ्या लावते. फोटो आले तर उत्तर देत नाही. देठासकट झाड घेऊन या म्हणते, नाहीतर पानावर पाणी टाका आणि काय होतं ते मला सांगा म्हणते. लोकांना राग येतो. मध्ये सुवर्णाचा एक फोटो आला, परसातला, उभ्या झाडाचा, देठासकट. खाली लिहिलं होतं, आई, विचारत नाहीये, नुसतं दाखवतेय.

तर माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना, अप्पांच्या ओळखीच्यांना, आणि माळशिरसहून कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही सांगते. गेल्या वर्षी श्रावणात माझ्या पोरीनं मला विचारलं होतं. मी न बघता सांगितलं होतं.